वऱ्हाडांतील शाळा आणि सूर्याची वीज

वऱ्हाडाच्या वांट्यास निसर्गानें जें कांहीं मुक्तहस्तानें दिलें आहे, त्यांत काळ्या मातीच्या खालोखाल उन्हाचा क्रम लावावा लागेल. मे महिन्यांत अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत जाणें हें आतां कोणास नवलाचें वाटत नाहीं, आणि अमरावतीहि या बाबतींत फारशी मागें राहत नाहीं. २०२४ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस उष्णतेच्या लाटेमुळें अकोला जिल्ह्यांत कलम १४४ लागू करून भरदुपारचे शिकवणीवर्ग बंद ठेवण्याची पाळी जिल्हाधिकाऱ्यांवर आली. उर्वरित महाराष्ट्रांत शाळा जूनच्या मध्यास उघडतात. विदर्भांत त्या जूनच्या अखेरीकडे उघडतात, त्याचें कारणहि हेंच ऊन. ज्या सूर्यामुळें मुलांस घरीं बसावें लागतें, त्याच सूर्यानें त्यांच्या डोक्यावरचा पंखा फिरवावा, ही कल्पना म्हणूनच कोणाच्याहि मनास चटकन् पटते. मग ती प्रत्यक्षांत उतरण्यास अडतें कोठें, याचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

आधीं शाळेस वीज लागते कशासाठीं, हें पाहिलें पाहिजे. जुन्या वऱ्हाडी शाळेचें घर उंच असे. जाड भिंती, वर लाकडी आढें आणि त्यावर कवेलू, समोर पडवी आणि अंगणांत कडुनिंब, एवढ्या सरंजामावर मार्च-एप्रिलची सकाळची शाळा कशीबशी निभावत असे. आतां पुष्कळ ठिकाणीं त्या घरांच्या जागीं सिमेंटच्या सपाट छताच्या ठेंगण्या खोल्या आल्या आहेत. दिवसभर तापलेला स्लॅब सायंकाळपर्यंत निवत नाहीं, आणि ज्या खोल्यांवर टिनाचे पत्रे आहेत त्यांची अवस्था तर विचारूंच नये. अशा खोलींत चाळीस मुलें बसलीं असतां पंखा ही चैन राहत नाहीं. शिवाय टाकींत पाणी चढविणारा पंप आहे, संगणक आहे, भिंतीवरचा डिजिटल फळा आहे, आणि पटाची व पोषण आहाराची माहिती ऑनलाइन भरण्याचें नित्याचें काम आहे. वीज गेली म्हणजे तो महागडा फळा नुसती काळी कांच होऊन बसतो. आणि खडूचा जुना फळा बहुधा त्याच्याच मागें झांकला गेलेला असतो.

वीज जाण्याचें कारण प्रत्येक वेळीं वादळ किंवा भारनियमन नसतें. पुष्कळदां तें थकलेलें बिल असतें. जिल्हा परिषदेची शाळा हें कांहीं उत्पन्नाचें खातें नव्हे. समग्र शिक्षा योजनेच्या २०१८ च्या आराखड्याप्रमाणें शंभराहून अधिक आणि अडीचशेंपर्यंत पट असलेल्या शाळेस वर्षाकाठीं ५०,००० रुपयांचें संयुक्त अनुदान मिळावयाचें. खडू, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता आणि विजेचें बिल हें सारें त्यांतूनच भागवावयाचें. याहून लहान शाळेचें अनुदान अर्थातच याहून लहान. अनुदान येण्यास विलंब होतो. बिल मात्र महिन्याच्या महिन्यास येतें. त्यांत भर म्हणजे कांहीं वर्षें शाळांस व्यापारी दरानें वीज घ्यावी लागत होती. २०१२ सालीं राज्य वीज नियामक आयोगानें सार्वजनिक सेवांचा वेगळा वर्ग करून शाळा व रुग्णालयें त्यांत घातलीं, तेव्हां ती विसंगती दूर झाली. तथापि वीज वापरली न वापरली तरी द्यावा लागणारा स्थिर आकार दीर्घ सुटींतहि चुकत नाहीं. बिल थकलें कीं जोडणी तुटते, आणि तुटलेली जोडणी पुन्हां मिळवावयाची तर थकबाकी भरल्यावांचून गत्यंतर नसतें. राज्यांतील अनेक जिल्हा परिषद शाळांनीं हा अनुभव घेतलेला आहे.

दिव्याखालीं अंधार म्हणतात तो येथें अक्षरशः पाहावयास मिळतो. अकोला जिल्ह्यांत बाळापूर तालुक्यांत पारस येथें दोनशें पन्नास मेगावॅटचे दोन संच कोळशावर वीज करतात. अमरावतीजवळ नांदगांव पेठ येथें १,३५० मेगावॅटचें औष्णिक केंद्र उभें आहे. म्हणजे वीज करण्याच्या कामांत या दोन जिल्ह्यांनीं आपला धूर, राख आणि पाणी हीं तिन्ही दिलीं आहेत. त्याच जिल्ह्यांतील एखाद्या शाळेंत पंखा स्तब्ध उभा असावा, ही गोष्ट मनास बोंचल्याशिवाय राहत नाहीं.

आतां थोडा हिशेब करून पाहूं. पांच खोल्यांची एक शाळा डोळ्यांसमोर आणावी. प्रत्येक खोलींत दोन पंखे आणि दोन नळीदिवे, शिवाय एक डिजिटल फळा आणि एक संगणक. पंख्यास पंचाहत्तर वॅट आणि दिव्यास वीस वॅट धरले, तर हें सारें एकदम चालू असतां सुमारें अकराशें वॅट लागतात. रोज पांच तास चालविल्यास साडेपांच युनिटें, आणि पंपाचें अर्धें युनिट मिळवून सहा युनिटें होतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणें वरच्या प्राथमिक वर्गांचे कामाचे दिवस वर्षास २२०. म्हणजे वर्षाची एकूण गरज १,३२० युनिटांची. वऱ्हाडाच्या उन्हांत एक किलोवॅटचा सौर संच वर्षाकाठीं सुमारें चौदाशें युनिटें देतो आणि त्यास छतावर शंभर चौरस फूट मोकळी जागा पुरते. म्हणजे कागदावर एका किलोवॅटनें आणि हात सैल सोडून म्हटलें तर दोन किलोवॅटनें अशा शाळेचें काम होतें. किलोवॅटमागें पन्नास-साठ हजार रुपये धरले, तर लाख-सव्वा लाखांत भागावें. सप्टेंबर २०२५ पासून या सामानावरील वस्तु व सेवा कर बारा टक्क्यांवरून पांच टक्क्यांवर आलेला आहे, ही आणखी एक सोय. एवढ्या लहान प्रश्नाचा एवढा मोठा गुंता कां व्हावा? या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें, म्हणजे अडचणी एकामागून एक पुढें येतात.

पहिली अडचण छपराची. सूर्यप्रकाशाची वीज करणारी सिलिकॉनची चकती १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें प्रथम लोकांस दाखविली, तेव्हां ती अंगावर पडलेल्या प्रकाशाच्या सुमारें सहा टक्केच वीज करूं शकत होती. आज खेड्यापाड्यांत ज्यांस सोलरच्या प्लेटा म्हणतात, त्या वीस टक्क्यांहून अधिक वीज देतात. परंतु प्लेट कितीहि सुधारली तरी तिला भक्कम आधार हवा आणि तो पंचवीस वर्षें टिकला पाहिजे. कवेलूच्या छपरावर ती बसत नाहीं. टिनाच्या पत्र्यांवर बसविली, तर खालच्या कैच्यांस वारा पेलवेल कीं नाहीं, हें आधीं तपासावें लागतें. वऱ्हाडांतील वळवाचें वादळ ही साधी गोष्ट नव्हे. ९ एप्रिल २०२३ रोजीं पारस येथें बाबूजी महाराज संस्थानांत अशाच वादळांत कडुनिंबाचें एक जुनें झाड टिनाच्या शेडवर कोसळलें आणि आंत आसऱ्यास उभे राहिलेल्यांपैकी सात माणसें प्राणांस मुकलीं. ज्या छपराखालीं मुलें बसतात, त्यावर वाऱ्यास तोंड देणारें ओझें चढवावयाचें, तर अभियंत्याचा दाखला ही केवळ कागदी उठाठेव मानून चालणार नाहीं. सिमेंटचा स्लॅब असला तरी तो गळका, जुना किंवा निर्लेखनाच्या यादींत असलेला नसावा. नाहींतर आज बसविलेल्या प्लेटा चार वर्षांनीं उतरवाव्या लागतात.

दुसरी अडचण सावलीची, आणि ही मोठी जिवावरची आहे. शाळेच्या अंगणांतलें झाड हें मुलांचें छत्र. तें तोडून वर काचेचें छत्र उभारणें हा शहाणपणा नव्हे. पण प्लेटेच्या एका कोपऱ्यावर जरी सावली पडली, तरी तिच्याशीं एका माळेंत जोडलेल्या इतर प्लेटांचीहि वीज घटते. पाटांत एके ठिकाणीं दगड पडला म्हणजे पुढच्या वाफ्यांचें पाणी तुटतें, तसाच हा प्रकार. पुष्कळ वेळां जागा पाहण्यास माणूस मे महिन्यांत येतो. त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास अकोला-अमरावतीवर माध्यान्हीचा सूर्य अगदीं डोक्यावर असतो, आणि सावली पायाखालीं दडते. तेंच डिसेंबरच्या अखेरीस सूर्य इतका दक्षिणेकडे कलतो, कीं भरदुपारींहि वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी उत्तरेकडे पडते. मेमध्यें निर्वेध वाटलेली जागा हिवाळ्यांत दक्षिणेकडील झाडाच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या सावलींत सांपडते. याकरितां जागेची निवड वर्षाच्या चारी कोपऱ्यांचा विचार करून झाली पाहिजे. झाड तोडण्यापेक्षां प्लेटा दुसऱ्या इमारतीवर सरकविणें केव्हांहि बरें.

येथें एक गैरसमजहि दूर केला पाहिजे. जितकें ऊन कडक तितकी वीज अधिक, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः प्लेटेस प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या वर चकतीचें तपमान एकेक अंशानें चढूं लागलें, म्हणजे विजेचें प्रमाण दर अंशास सुमारें तीन-चार दशांश टक्क्यांनीं उतरतें. मे महिन्याच्या दुपारीं चकतीचें तपमान पासष्ट अंशांपर्यंत सहज जातें. म्हणजे एकसप्तमांशाइतकी वीज उष्णताच खाऊन टाकते. म्हणून प्लेट आणि स्लॅब यांच्यामध्यें वारा खेळेल इतकी जागा ठेवणें, हें वऱ्हाडांत इतर प्रांतांपेक्षां अधिक अगत्याचें आहे. त्यांतला दुसरा लाभ असा, कीं प्लेटांच्या सावलीमुळें स्लॅबहि कमी तापतो आणि खालची खोली थोडीशी निवते.

तिसरी अडचण धुळीची आणि पाण्याची. काळ्या मातीची बारीक धूळ उन्हाळ्याच्या दिवसांत प्लेटांवर बसते आणि महिनाभर न पुसल्यास वीज लक्षांत येण्याजोगी घटते. पुसण्यास पाणी पाहिजे, आणि पाणी म्हटलें कीं वऱ्हाडांतील एक जुनें दुखणें पुढें येतें. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस पसरलेला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जातो. तेथील विहिरींचें आणि कूपनलिकांचें पाणी खारट. त्या पाण्यानें कांच धुतली आणि तशीच उन्हांत वाळूं दिली, तर तिच्यावर क्षारांचा पांढरा थर बसतो; धूळ गेली तरी ती पुटें जात नाहींत. दर्यापूरच्या बाजूच्या शाळेनें पावसाचें पाणी सांठवून त्याचा उपयोग या कामीं करावा, किंवा पहांटे प्लेटा थंड असतां कोरड्या मऊ झाडणीनें धूळ काढावी, हाच मार्ग. भरदुपारीं तापलेल्या कांचेवर गार पाणी ओतणें तर कोणत्याहि गांवीं टाळलें पाहिजे. शिवाय वानरांच्या टोळ्या आहेत, पाखरें आहेत, आणि चुकार दगड मारणारीं मुलेंहि आहेत. या तिहींचा बंदोबस्त गांवानेंच करावयाचा असतो. तो कोणत्याहि निविदेंत लिहून मिळत नाहीं.

याहून अधिक फसगत करणारी अडचण विजेच्या जोडणीची. स्वस्तांतील सौर संच विजेच्या सार्वजनिक जाळ्याशीं जोडलेला असतो. त्यास बॅटरी नसते. दिवसा उरलेली वीज जाळ्यांत जाते आणि पाहिजे तेव्हां तितकीच परत घेतां येते. दोहोंचा हिशेब दुहेरी मोजणीचा मीटर ठेवतो. ही पद्धत उत्तम. परंतु बाहेरची वीज गेली कीं असला संच आपण होऊन बंद पडतो. तो तसा बंद पडावा अशीच त्याची रचना असते. कारण तारा दुरुस्त करणाऱ्या कामगाराच्या अंगावर छतावरून वीज जाऊं नये. त्याचा परिणाम असा, कीं डोक्यावर रणरणतें ऊन असतांहि भारनियमनाच्या वेळीं शाळेंतील पंखा थांबलेलाच राहतो, आणि गांवकरी विचारतात कीं या प्लेटा मग बसविल्या कशाला! ही गोष्ट आधीं समजावून न सांगितल्यामुळें लोकांचा विश्वास उडतो. जेथें वीज वारंवार जाते, तेथें निदान कांहीं दिवे-पंखे आणि संगणक चालतील एवढी बॅटरी असलेला मिश्र संच घ्यावा, मग तो थोडा महाग पडला तरी चालेल. त्याचप्रमाणें ज्या शाळेची जोडणी थकबाकीमुळें तुटली आहे, तिला हा जाळ्याचा संच मुळींच उपयोगी पडत नाहीं. ज्या रोगावर औषध शोधावयाचें, तो आधीं बरा केल्याशिवाय औषध लागूं पडत नाहीं, अशी ही स्थिति आहे.

या हिशेबांत वऱ्हाडास अनुकूल अशी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती सहसा कोणी सांगत नाहीं. प्लेटांस भरपूर प्रकाश एप्रिल-मे महिन्यांत मिळतो, आणि तेव्हां तर शाळेस सुटी असते. ती वीज वायां जाते असें नाहीं. राज्याच्या २०१९ च्या नियमांप्रमाणें जाळ्यांत घातलेल्या युनिटांचा जमाखर्च पुढील महिन्यांत ओढला जातो आणि अखेरचा हिशेब आर्थिक वर्षाच्या शेवटीं होतो. आर्थिक वर्ष एप्रिलमध्यें सुरू होतें. म्हणजे उन्हाळ्याची जमा वर्षाच्या आरंभींच पडते, आणि जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत ती खर्चास उपयोगी येते. शेतकरी सुगींत कणगी भरून ठेवतो, तसाच हा व्यवहार. मात्र ज्या शाळेच्या मीटरावर हें सर्व लिहिलें जाणार, तो चालू असला पाहिजे, आणि महिन्याचें बिल कोणीतरी डोळ्यांखालून घातलें पाहिजे. स्थिर आकार सौर संच बसविल्यानें जात नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. म्हणजे बिल शून्य होईल या आश्वासनाची निराशा पदरीं येणार नाहीं.

आतां कागदांची अडचण. अर्ज कोणी करावयाचा? जिल्हा परिषदेच्या शाळेंत मुख्याध्यापक राबतो, पण इमारत त्याच्या मालकीची नसते. महानगरपालिकेच्या शाळेची तीच गत. खासगी संस्थेची शाळा असली, तर इमारत संस्थेची आणि अनुदान सरकारचें, असा दुहेरी प्रकार. वीजमीटर कधीं कोणा जुन्या मुख्याध्यापकाच्या नांवावर असतो, कधीं ग्रामपंचायतीच्या. एखादी कंपनी स्वतःच्या खर्चानें प्लेटा बसवून केवळ विजेचे पैसे घेण्यास तयार असते; परंतु तिला पंचवीस वर्षांचा करार पाहिजे, आणि पंचवीस वर्षांची सही करण्याचा अधिकार शाळेंत कोणासच नसतो. विद्यार्थ्यांचा पट घटत चाललेल्या गांवीं तर प्रश्न याहून नाजूक. २०२३ सालीं वीसांहून कमी पटाच्या शाळांऐवजीं समूह शाळांचा विचार शासनानें पुढें मांडला, तेव्हांपासून लहान गांवांस शाळा राहील कीं नाहीं हीच चिंता लागली आहे. जी शाळा पांच वर्षांनीं असेल कीं नाहीं हें ठाऊक नाहीं, तिच्या छतावर पंचवीस वर्षांची योजना कोण बांधील?

पैशाच्या बाबतींत शाळांवर थोडा अन्यायच झाला आहे, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. केंद्र सरकारच्या छतावरील सौर योजनेच्या पहिल्या टप्प्यांत घरांबरोबर शैक्षणिक संस्थांसहि तीस टक्के साहाय्य मिळत असे. २०१९ सालीं दुसरा टप्पा सुरू झाला, आणि हें साहाय्य केवळ राहत्या घरांपुरतें उरलें. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेली पंतप्रधान सूर्यघर योजनाहि घरांचीच आहे. तिच्याखालीं तीन किलोवॅटच्या संचास घरमालकास ७८,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. अमरावतीच्या एखाद्या सुखवस्तु गृहस्थास आपल्या बंगल्यावर मिळणारें हें साहाय्य शेजारच्या शाळेस मात्र मिळत नाहीं. मग शाळेनें जावें कोठें? जिल्हा नियोजन समितीचा निधि, आमदार-खासदारांचा निधि, २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें मोठ्या कंपन्यांनीं समाजकार्यासाठीं काढावयाचे दोन टक्के, आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, असे चार दरवाजे आहेत. पांचवाहि एक आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ च्या नव्या आवृत्तींत, ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दींत सौर प्रकल्प उभा राहतो तिला वर्षास पांच लाख रुपये याप्रमाणें तीन वर्षें साहाय्य ठेवलें आहे. त्या पंधरा लाखांतील लाख-दीड लाख शाळेच्या छतावर खर्चावेत असा ठराव ग्रामसभेनें केला, तर त्याहून सत्कारणीं लागलेला पैसा दुसरा कोणता?

देणग्यांचा मार्ग मोकळा वाटतो, पण त्यांतहि एक कांटा आहे. देणारा प्लेटा देतो, फीत कापतो, भिंतीवर आपल्या नांवाची पाटी लावतो. पुढें झाडणी कोणी मारावयाची, बिघडलेला इन्व्हर्टर कोणी दुरुस्त करावयाचा, बॅटरींत पाणी कोणी घालावयाचें, यांविषयीं मात्र दानपत्रांत एक अक्षर नसतें. मेळघाटानें याचा धडा पुरेपूर घेतला आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत जंगलांतून तारा नेणें कठीण, म्हणून दुर्गम गांवांस सौर दिवे आणि बॅटऱ्या देणें ओघानेंच आलें. साध्या शिशाच्या बॅटरीचें आयुष्य तीन ते पांच वर्षें. तें संपलें, कीं नवी बॅटरी आणण्यास पैसा नाहीं आणि दुरुस्त करणारा माणूस पन्नास मैलांत नाहीं. मग चांगल्या प्लेटाहि निरुपयोगी होऊन पडतात. हरिसाल हें धारणी तालुक्यांतील गांव २०१६ सालीं देशांतील पहिलें डिजिटल गांव म्हणून गाजलें. यंत्र आणणें सोपें, त्याची वीज आणि त्याची निगा टिकविणें अवघड, हा विचार अशा प्रत्येक प्रयोगापासून घेण्यासारखा आहे. चोरीचाहि प्रश्न आहे. दोन महिने कुलूप असलेल्या इमारतींत, जेथें रात्रीं पहारा नाहीं आणि पुष्कळदां शिपाईहि नाहीं, तेथें तांब्याची तार आणि प्लेटा यांस राखण कोणाची?

असें असलें तरी मार्ग खुंटलेला नाहीं. प्रत्येक मुख्याध्यापकानें स्वतंत्र अर्ज घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावेत, ही पद्धत आधीं सोडली पाहिजे. जिल्हा परिषदेनें तालुक्यातालुक्यांतील शाळांची एकत्र पाहणी करावी. छपराचा प्रकार, सावली, मीटर कोणाच्या नांवें, थकबाकी किती, पाणी गोडें कीं खारें, एवढे पांच रकाने भरून यादी करावी, आणि पन्नास-शंभर शाळांची एकच निविदा काढावी. त्यामुळें दर उतरतात, आणि पांच वर्षांच्या देखभालीची अट घालण्याचें बळहि येतें. फेब्रुवारी २०२४ मध्यें ग्राहकांच्या हक्कांविषयींच्या नियमांत जो बदल झाला, त्याप्रमाणें दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जास तांत्रिक तपासणीची आवश्यकता उरलेली नाहीं. मंजूर भार वाढवावा लागल्यास तेंहि काम वीज कंपनीनेंच करावयाचें आहे. बहुतेक प्राथमिक शाळा दहा किलोवॅटच्या पुष्कळ आंत बसतात. म्हणजे ज्या दाराशीं पूर्वीं दीर्घकाळ तिष्ठावें लागत असे, तें दार आतां उघडें आहे. आंत शिरणारा मात्र पाहिजे.

देखभालीसाठीं दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. अकोल्यास १९६९ सालीं स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठांत अपारंपरिक ऊर्जेचें शिक्षण व संशोधन चालतें. ठिकठिकाणीं औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री तयार होतात. दर दहा शाळांमागें एक याप्रमाणें गांवचाच एखादा तरुण या कामांत तयार केला आणि त्यास महिन्याकाठीं ठराविक मोबदला ठेवला, तर इन्व्हर्टरचा तांबडा दिवा लागल्यापासून दुरुस्तीपर्यंत महिने लोटणार नाहींत. शिक्षण हक्क कायद्यानें प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिति दिली आहे आणि तींत पालकांचें बहुमत आहे. प्लेटा झाडणें, मीटरवरील आंकडे दर शनिवारीं वहींत उतरविणें आणि सुटींत पहारा ठेवणें हीं कामें तिनें आपलीं मानलीं, म्हणजे निम्मी लढाई जिंकल्यासारखीच आहे. या प्रांतास हें नवें नाहीं. हातांत खराटा घेऊन गांव झाडल्यावर मगच कीर्तनास उभे राहणारे गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यांत शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मले. शेतकऱ्यांच्या मुलांनीं शिकावें म्हणून पंजाबरावांनीं १९३२ सालीं अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, ती लोकवर्गणीच्या आणि लोकांच्या कष्टांच्या बळावरच वाढली.

सातारा जिल्ह्यांतील पाटण तालुक्यांतील मान्याचीवाडी या लहानशा गांवानें २०२४ सालीं राज्यांतील पहिलें सौरग्राम होण्याचा मान मिळविला. तेथें घरांबरोबर शाळाहि सूर्याच्या विजेवर आली. डोंगराळ आणि पावसाळी पाटणास जें साधलें, तें उन्हाचें आगर असलेल्या वऱ्हाडास साधूं नये, असें कांहीं नाहीं. फरक उन्हाचा नाहीं, एकविचाराचा आहे.

शेवटीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. शाळेच्या छतावरील संच हा नुसता बिल वांचविण्याचा उपाय नव्हे. तो एक चालताबोलता पाठ आहे. सावली कोठें पडते, वीज कोणत्या महिन्यांत वाढते आणि कां घटते, युनिट म्हणजे काय, टक्केवारी कशी काढावी, हें सारें सातवीच्या मुलास आपल्याच छतावरून शिकतां येईल. ज्या मुलानें वर्षभर तो आंकडा स्वतःच्या हातानें लिहिला, तो दगड भिरकावण्यापूर्वीं दोनदां विचार करील, आणि मोठेपणीं आपल्या घरावर व शेतावर तीच वीज आणील. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस या कामीं पुष्कळ करतां येण्यासारखें आहे. ज्या शाळेंत आपण किंवा आपले वडील शिकले, तिचें बिल भरलेलें आहे कीं नाहीं, एवढी चौकशी पुढच्या खेपेस गांवीं गेल्यावर केली, तरी आरंभ होईल. बिल थकलेलें आढळलें, तर पाटीवर नांव घालण्याजोगी मोठी देणगी देण्याआधीं तेवढें भरून टाकावें. जोडणी जिवंत राहिली, तरच पुढचीं सारीं कामें तिला धरून उभीं राहतील.